ओसरीवरून : श्रेष्ठ मल्ल कोण ?

गेल्या वैशाखांत धाकट्या नातवाच्या मुंजीच्या निमित्तानें आमचीं सारीं भावंडें वाड्यांत जमलीं होतीं. मुंज यथासांग पार पडली, पाहुणे पांगले, मागून आणलेलीं पातेलीं व ताटें ज्याचीं त्याला पोंचतीं झालीं, आणि मग चार रात्री ओसरीवर निवांतपणें बसावयास मिळालें. आमच्या ओसरीवर विषयांचा दुष्काळ कधींच नसतो, हें या पानाच्या वाचकांस सांगावयास नको. मागें एकदां मेघदूतांतील यक्षाचा नेमका अपराध कोणता, या प्रश्नावर तीन रात्री गेल्या होत्या. या खेपेस विषय निघाला तो मात्र कुस्तीचा, आणि तो काढला आमच्या पुतण्याच्या मुलानें.

हा मुलगा नुकताच तालमींत जाऊं लागला आहे. त्यानें आपल्याजवळील यंत्रावर आम्हां सर्वांस एक जुनें मूक चलच्चित्र दाखविलें. ता. ३० जानेवारी १९२० रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें जो स्टेचर व अर्ल कॅडॉक या दोघांची झालेली कुस्ती. प्रत्यक्ष कुस्ती दोन तासांच्या वर चालली. कॅडॉक हा पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें विषारी वायूचा त्रास भोगून आलेला, आणि स्टेचर हा दोन मांड्यांच्या कातरींत माणूस आवळण्याविषयीं प्रसिद्ध. शेवटीं त्याच कातरीनें कॅडॉक पडला. चित्र संपल्यावर मुलानें विचारलें, “आजोबा, त्या काळचा सर्वांत श्रेष्ठ मल्ल कोण ?” आणि मग काय विचारतां ! आमचे वडील बंधु अण्णा ताठ बसले आणि म्हणाले, “हॅकनश्मिट.” धाकटे बंधु तेवढ्याच ठामपणें म्हणाले, “गामा. त्यांत विचारायचें काय ?” मुलानें फ्रँक गॉच याचें नांव घेतलें. आम्ही स्वतः गेलीं चाळीस वर्षें अण्णांच्या बाजूचे, म्हणून आम्हीं मान डोलाविली.

कोणत्या कुस्तीविषयीं आपण बोलत आहों हें प्रथम सांगितलें पाहिजे, नाहींतर वादास तळ राहत नाहीं. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यांत, विगन व बोल्टन या गांवांच्या आसपास, कोळशाच्या खाणींत व कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या लोकांची एक कुस्ती होती. तिचें नांव ‘कॅच ॲज कॅच कॅन’, म्हणजे जेथें जशी पकड साधेल तेथें तशी धरा. कमरेच्या वर धरा, खालीं धरा, पाय धरा, घोटा धरा. दोन्ही खांदे जमिनीस टेकले म्हणजे हार. किंवा पेंच असह्य होऊन गडी शरण आला म्हणजेही हार. युरोपांत त्याच काळीं दुसरी एक कुस्ती प्रतिष्ठित मानली जात असे, ती ‘ग्रीको-रोमन’. तींत कमरेच्या खालीं हात लावणें वर्ज्य, आणि पायानें पाय अडकविणेंही वर्ज्य. नाटकगृहांतून पोशाखी स्त्रीपुरुष जी कुस्ती पाहावयास जात ती बहुधा ही दुसरी. पहिली खाणकऱ्यांची, पैजेची, आणि पुढें अमेरिकेंत गेल्यावर जत्रांतील तंबूंची.

तरीही ती पहिली टिकली. १९०४ व १९०८ सालच्या ऑलिंपिक सामन्यांत ती ‘कॅच ॲज कॅच कॅन’ याच नांवानें खेळली गेली, आणि आज जिला फ्रीस्टाइल म्हणतात ती तिचीच वंशज. कऱ्हाडाजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस जें कांस्यपदक मिळविलें तें याच वंशांतील कुस्तीचें. तेव्हां हा वाद आपल्याला अगदींच परका नाहीं.

आरंभींच्या मल्लांपैकीं जो ॲक्टन हा लँकेशायरचा लहानखुरा गडी १८८० च्या सुमारास अमेरिकेस गेला व तेथें त्यानें ही कुस्ती रुजविण्यास हातभार लावला. त्याला १८८७ सालीं शिकागोस इव्हान लुइस यानें पाडलें. हा लुइस विस्कॉन्सिनचा. गळा आवळण्याच्या पेंचामुळें त्याचें नांवच ‘स्ट्रँगलर’ पडलें होतें. १८८६ सालीं मात्सुदा सोराकिचि या जपानी मल्लाचा पाय त्यानें ज्या रीतीनें दुखावला तो प्रकार ऐकून आमच्या घरांतील मंडळींनीं “असल्या दुष्टांचीं नांवें मुंजीच्या घरांत कशाला ?” असा प्रश्न केला. तो रास्त असल्यामुळें आम्हीं लुइसला तेथेंच सोडलें.

परंतु लुइसला ज्यानें पाडलें त्याच्याविषयीं थोडें अधिक सांगितल्याशिवाय आमच्यानें राहवत नाहीं. मार्टिन बर्न्स हा आयोवा प्रांतांतील शेतकरी, जन्म १८६१ चा. लोक त्याला ‘फार्मर’ याच नांवानें ओळखत. वजनानें तो पावणेदोनशें पौंडांच्याही आंतच. आजच्या हिशेबानें त्याला जड वजनाचा मल्ल कोणी म्हणणार नाहीं. पण मान अशी कीं गळ्यांत फांसाचा दोर अडकवून तो उंच फळीवरून खालीं उडी घेई व लोंबकळत असतां प्रेक्षकांशीं बोले. १८९५ सालीं त्यानें गळा आवळणाऱ्या त्या लुइसला हरविलें. ज्याचा गळा फांसालाही बधत नाहीं त्याच्यापुढें लुइसचा पेंच काय करणार, असें मुलगा म्हणाला; तें सारें खरें नसेल, पण आम्हांस आवडलें.

बर्न्सचें खरें मोठेपण मात्र यांत नाहीं. १८९९ च्या डिसेंबरांत फोर्ट डॉज या गांवीं तो जत्रेंतल्याप्रमाणें येईल त्याशीं लढत असतां एक शेतकऱ्याचा पोरगा पुढें आला. बर्न्ससारख्या कसलेल्या मल्लापुढें तो दहा मिनिटांच्या वर टिकला. बर्न्सनें त्याला पाडलें आणि नंतर भरल्या सभेंत सांगितलें कीं, हा मुलगा मला द्या, मी याला अजिंक्य मल्ल करीन. तो मुलगा म्हणजे फ्रँक गॉच. स्वतःची गादी ज्याला द्यावयाची त्याला प्रतिस्पर्ध्यांतून निवडणारा वस्ताद विरळा. पुढें १९१४ सालीं बर्न्सनें टपालानें कुस्तीचे धडे देण्याचा क्रम काढला, आणि खेड्यापाड्यांतील मुलें कागदावरून डाव शिकूं लागलीं. वर सांगितलेल्या चित्रांतला कॅडॉक हाही त्याच्याच देखरेखीखालीं वाढला. आम्ही जन्मभर फळ्यापुढें उभे राहिलेले. तेव्हां या माणसाविषयीं आमचा कल कोणीकडे आहे हें वाचकांनीं आतांच लक्षांत घ्यावें व पुढील निकालांतून तेवढा अंश वजा करावा.

टॉम जेंकिन्स हा दुसरा. क्लीव्हलंडच्या लोखंडाच्या कारखान्यांतला कामगार, एका डोळ्यानें अंध. गॉचनें १९०४ च्या जानेवारींत त्याच्याकडून अमेरिकेचें अजिंक्यपद घेतलें. जेंकिन्सनें तें १९०५ च्या मार्चांत परत घेतलें. गॉचला त्याच्या उमेदीच्या काळांत ज्यांनीं हरविलें अशा थोड्या गड्यांपैकीं हा एक. नंतर वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत १९४२ पर्यंत तो मुलांना कुस्ती शिकवीत होता.

आतां मुख्य जोडी. जॉर्ज हॅकनश्मिट याचा जन्म १८७७ सालीं रशियन साम्राज्यांतील दोर्पात या नगरांत झाला. आज तें एस्टोनियांत असून त्याला तार्तु म्हणतात. सेंट पीटर्सबर्गांत डॉक्टर क्रायेव्स्की यांच्या घरीं राहून त्यानें शरीर कमाविलें. तें शरीर असें कीं शिल्पकारांनीं समोर ठेवून मूर्ति घडवाव्या. १९०४ सालीं लंडनच्या ऑलिंपिया सभागृहांत त्यानें अहमद मद्राली या धिप्पाड तुर्कास एका मिनिटाच्या आंत उचलून आपटलें. १९०५ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कला जाऊन त्यानें जेंकिन्सला जेंकिन्सच्याच कुस्तींत, म्हणजे कॅचमध्यें, हरविलें. त्यानें १९०८ सालीं शरीरसंवर्धनावर लिहिलेलें पुस्तक अण्णांना तरुणपणीं कोठेंसें मिळालें होतें. तेव्हांपासून अण्णा बारा महिने थंड पाण्यानें स्नान करतात व त्याचें श्रेय हॅकनश्मिटला देतात; वस्तुतः आमचे वडीलही थंड पाण्यानेंच स्नान करीत, व त्यांनीं हॅकनश्मिटचें नांवही ऐकलें नव्हतें. पुढें हा मल्ल तत्त्वज्ञानाकडे वळला, मन व विश्व यांच्या संबंधावर ग्रंथ लिहिले, आणि १९६८ सालीं लंडनला नव्वदी ओलांडून वारला. असा मल्ल सुशिक्षित घरांत कोणास आवडणार नाहीं ?

ता. ३ एप्रिल १९०८ रोजीं शिकागोच्या डेक्स्टर पार्कमध्यें त्याची गांठ गॉचशीं पडली. दोन तास कोणीच कोणास खालीं आणूं शकलें नाहीं. गॉच त्याच्या मानेवर, डोक्यावर भार देत, ढकलीत, ओढीत, त्याला दमवीत राहिला. दोन तासांनंतर त्यानें हॅकनश्मिटला खालीं आणलें व पाय पकडून मुरगळावयास आरंभ केला. गॉचची ही पायाची पकड जगप्रसिद्ध होती. थोडी धडपड करून हॅकनश्मिटनें हार कबूल केली, आणि दुसऱ्या डावासाठीं तो उतरलाच नाहीं. त्या वेळीं त्यानें गॉचची मनमोकळी स्तुति केली. मागाहून मात्र म्हणूं लागला कीं, गॉचनें अंगाला तेल चोपडलें होतें, नखांनीं ओरबाडलें, डोळ्यांत आंगठा घातला.

अण्णांनीं हें सर्व सांगितल्यावर आम्ही त्यांच्या साहाय्यास धांवलों. आम्हीं गदापर्व काढलें. भीमानें दुर्योधनाच्या मांडीवर गदा मारली तेव्हां बलराम नांगर उगारून धांवला, कारण नाभीच्या खालीं प्रहार करणें गदायुद्धाच्या शास्त्रांत बसत नाहीं. भीम जिंकला, राज्य मिळालें, पण त्या मांडीचा डाग गेला नाहीं. तसाच हा गॉच. घोटा मुरगळून जिंकलेलें जगज्जेतेपद तें कसलें ? आम्ही रंगांत येऊन बोलत होतों, आणि बोलतां बोलतां एकदम थांबलों. हेंच वाक्य आम्ही पूर्वीं एकदां बोललों होतों, आणि तें ओसरीवर नव्हे.

ती गोष्ट सांगितली पाहिजे. तीसएक वर्षांपूर्वीं आम्ही ज्या गांवीं नोकरीस होतों तेथील जत्रेंत शाळकरी मुलांच्या कुस्त्या ठेवल्या होत्या, व मास्तर म्हणून पंचाचें काम आमच्याकडे आलें. शेवटच्या जोडींतले दोघेही आमचेच विद्यार्थी. एक गोरागोमटा, अंगानें रेखीव, रघुवंशाचा दुसरा सर्ग तोंडपाठ. दुसरा शेवटच्या बांकावर बसणारा, काळासांवळा, संस्कृताच्या तासाला हटकून डुलक्या घेणारा. पहिल्यानें दोन सुरेख डाव टाकले. दुसरा दोन्ही वेळां खालीं गेला, पण पडला नाहीं. आणि तिसऱ्या वेळेस त्यानें खालूनच याचा घोटा दोन्ही हातांनीं धरला व त्यासह अशी लोळण घेतली कीं पाय वांचविण्यासाठीं पहिला उताणा झाला. खांदे टेकले. लोकांनीं आरोळी ठोकली. आम्हीं शिट्टी वाजवून कुस्ती रद्द ठरविली व पुन्हां लावावयास सांगितली. तेथील वस्ताद पुढें येऊन नम्रपणें म्हणाले, “मास्तर, पाय धरूं नये असं कुठं ठरलं होतं ?” त्यावर आम्हीं त्यांना चारचौघांत बलरामाची गोष्ट ऐकविली. वस्ताद गप्प बसले. विद्वान् माणसापुढें खेडूत माणूस गप्प बसतो तसे. कुस्ती पुन्हां लागली तेव्हां त्या मुलाचें लक्ष उडालें होतें. तो दोन मिनिटांत पडला. पुढच्या वर्षीं त्यानें शाळा सोडली. तिचें कारण ही कुस्ती होती असें आम्ही म्हणत नाहीं. त्या गांवांत पुष्कळ मुलें शाळा सोडीत. पण फेटा मिळाला तो दुसऱ्याला, आणि तो आमच्या हातानें मिळाला.

हें आम्हीं ओसरीवर सांगितलें तेव्हां कोणी बोललें नाहीं. मग आम्हीच बोललों. बलरामाचा राग योग्य होता, कारण नाभीच्या खालीं न मारणें हा त्या युद्धाचा ठरलेला नियम होता. कॅचमध्यें तो नियम नाहींच. उलट पाय धरणें हाच तिचा विशेष. हॅकनश्मिट ज्या कुस्तींत वाढला तींत कमरेच्या खालीं हात जात नाहीं. आणि आम्ही चाळीस वर्षें गॉचचा न्याय त्या दुसऱ्या कुस्तीच्या पोथीनें करीत आलों होतों. मद्रालीचा हात हॅकनश्मिटच्या फेकीनें निखळला होता. त्याबद्दल आम्ही कोणीं त्याला क्रूर म्हटलें नाहीं. गॉचनें मुरगळलेला पाय मात्र आम्हांस दिसला. राहतां राहिलें तेल व नखें. ते आरोप हरलेल्या पक्षाचे आहेत, आणि पंच तेथें हजर होता. आणखी एक गोष्ट अण्णांना कबूल करावी लागली. शिकागोस आल्यावर हॅकनश्मिटनें चारचौघांत तालीम करण्याचें नाकारलें व तळ्याकांठीं फिरण्यावर भिस्त ठेवली. दोन तास उभें राहून लढण्याची तयारी अशी होत नसते, हें आमच्या तालमींतल्या मुलालाही ठाऊक आहे.

दुसरी कुस्ती ता. ४ सप्टेंबर १९११ रोजीं शिकागोच्याच कॉमिस्की पार्कमध्यें, तीस हजारांच्या आसपास लोकांपुढें झाली. गॉचनें दोन्ही डाव मिळून वीस मिनिटांच्या सुमारास ती जिंकली. त्या कुस्तीपूर्वीं सराव करतांना हॅकनश्मिटचा गुडघा दुखावला होता. ॲड सँटेल नांवाच्या मल्लानें पुढें, गॉचच्या पाठिराख्यांकडून पैसे घेऊन आपणच तो दुखावला, असें लू थेस याला सांगितल्याचें थेसनें लिहून ठेवलें आहे. स्वतः हॅकनश्मिट मात्र म्हणे कीं, सरावांतला जोडीदार डॉक्टर रोलर याच्याकडून तें अनवधानानें घडलें. ज्याचा गुडघा त्याची साक्ष अधिक मानावी असें आम्हांस वाटतें. पण लंगड्या माणसावर मिळविलेल्या विजयास आम्ही गुण देत नाहीं. म्हणून ती दुसरी कुस्ती हिशेबांतून काढावी. पहिली पुरे आहे.

एवढें झाल्यावर धाकटे बंधु उसळले. “तुमचे गोरे तुम्हीच वांटून घ्या. गामाचें काय ?” आणि येथें वादाला खरी धार आली. गामाविषयीं कोणी उणा शब्द काढला तर आपल्याकडे मोठीं माणसेंही रागावतात, आणि तें आम्ही समजूं शकतों. १९१० सालीं तो लंडनला गेला. उंची पांच फूट सात इंचांच्या आसपास. कोणत्याही वजनाच्या कोणाही मल्लांस अर्ध्या तासांत पाडून दाखवितों असें त्यानें खुलें आव्हान दिलें होतें. ऑगस्टांत त्यानें वर सांगितलेल्या त्याच अमेरिकन डॉक्टर रोलरला सरळ दोन वेळां पाडलें. आणि मग सप्टेंबरांत त्याची गांठ पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झबिस्को याच्याशीं पडली.

आम्ही कसा निकाल द्यावा या विचारांत असतां दारांत उभ्या असलेल्या सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, दोन शाळांतल्या मुलांची तुलना करायची तर दोघांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी लागते, असें तुम्हीच सांगतां ना ? मग गॉच आणि गामा दोघांनाही भेटला असा कोणी आहे का ?” आम्ही चकित झालों, कारण उत्तर नुकतेंच आमच्या तोंडून गेलें होतें. झबिस्को ! त्याच १९१० सालीं, तीन महिन्यांच्या अंतरानें, तो दोघांशींही लढला, आणि दोन्ही कुस्त्या कॅचच्या नियमांनीं झाल्या.

प्रश्नपत्रिका अशी. १ जून १९१० रोजीं शिकागोस झबिस्को सलामीचा हात मिळविण्यासाठीं पुढें झाला, आणि हात मिळतो न मिळतो तोंच गॉचनें त्याचे पाय धरून त्याला पाडलें. सारें सहा सेकंदांत. ही चलाखी नियमांत बसली असेल, पण आमच्या मनाला ती अजून खुपते, आणि पंच म्हणून आम्ही पहिल्या डावाचे अर्धेच गुण देऊं. परंतु दुसरा डाव झबिस्को पूर्ण सावध होऊन लढला, आणि तोही गॉचनें अर्ध्या तासाच्या आंत घेतला. त्यानंतर १० सप्टेंबरला लंडनच्या शेफर्ड्स बुश येथील क्रीडांगणावर गामानें त्याच झबिस्कोला पहिल्याच मिनिटांत खालीं आणलें. त्यानंतर अडीच तासांच्या वर झबिस्को पालथाच पडून राहिला. गामानें नाना प्रकारें उलटविण्याचा यत्न केला. अडीचशें पौंडांचा तो देह उताणा झाला नाहीं. शेवटीं कुस्ती बरोबरींत सोडली. १७ तारखेस पुन्हां लावावयाची ठरली, त्या दिवशीं झबिस्को आलाच नाहीं, व ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला.

केवळ गणितानें पाहिलें तर गॉच वरचढ ठरतो. धाकट्या बंधूंचें म्हणणें यावर असें कीं, झबिस्को जूनमध्यें एकदां होरपळलेला होता. सप्टेंबरांत तो लढावयास नव्हे, न पडावयास आला होता. हें म्हणणें वजनदार आहे. परीक्षेस बसलेला विद्यार्थी आणि हजेरीपुरता बसलेला विद्यार्थी यांना एकच प्रश्नपत्रिका दिली तरी परीक्षा एक होत नाहीं. शिवाय आपल्याकडील कुस्ती मातींत लढणाऱ्याला पालथ्या पडून राहणाऱ्या गड्याशीं असा तासन्‌तास झगडण्याची संवय नसते; लँकेशायरच्या कुस्तींत मात्र खालीं पडलेल्या गड्याला पेंचानें उलटविणें हीच अर्धी विद्या आहे. घोटा धरून वेदनेनें उलटविण्याचा जो मार्ग गॉचपाशीं होता तो गामाच्या वळणांत नव्हता. पुढें १९२८ च्या जानेवारींत पतियाळा येथें दोघे पुन्हां भेटले. गामाची पन्नाशी आलेली, झबिस्कोही तिच्याच उंबरठ्यावर. आणि गामानें एका मिनिटाच्या आंत त्याला चीत केलें. पण ती कुस्ती आपल्या मातींतली, आपल्या रीतीची; कॅचच्या वहींत ती मांडतां येत नाहीं.

गॉच व गामा एकमेकांशीं कधींच लढले नाहींत. गॉच १९१७ च्या डिसेंबरांत चाळिशीच्या उंबरठ्यावरच वारला. गामा १९६० पर्यंत जगला, लाहोरास. त्यांची गांठ पडली असती तर, या वाक्यावर आमच्या ओसरीवर दीड तास गेला. तो आम्ही वाचकांच्या माथीं मारीत नाहीं.

धाकट्या बंधूंचा आणखी एक आक्षेप नोंदवावयाचा राहिला होता. तो असा कीं, त्या काळच्या कुस्त्या आधींच ठरवून केलेल्या असत, मग हिशेब कशाचा ? कांहीं तशा होत्या यांत शंका नाहीं. गॉच स्वतः १९०१ सालीं उत्तरेकडील क्लॉन्डाइकच्या सोन्याच्या खाणींकडे जाऊन ‘फ्रँक केनेडी’ हें खोटें नांव घेऊन पैजा मारीत होता. १९२० नंतर तर हा धंदा उघड नाटकाचाच झाला. पण दोन तास उभें राहून कोणीच खालीं न जाणें, किंवा अडीच तास पालथें पडून राहणें, असलें कंटाळवाणें नाटक कोणी पैसे घेऊन लिहीत नाहीं.

चौथ्या रात्रीं मुलानें वही पुढें केली व निकाल लिहून मागितला. कॅचच्या रिंगणांत पहिला फ्रँक गॉच. हें लिहितांना आम्हांस आनंद झाला असें नाहीं. तो माणूस आम्हांस आजही आवडत नाहीं. दुसरा मार्टिन बर्न्स, आणि त्यांत आमच्या पेशाचा पक्षपात किती हें वर सांगितलेंच आहे. तिसरा हॅकनश्मिट, कारण जेंकिन्सला त्यानें जेंकिन्सच्याच नियमांनीं पाडलें. चौथा जेंकिन्स. गामाचें नांव यादींत नाहीं, कारण या कुस्तीच्या दोनच मोठ्या परीक्षांना तो बसला. मल्ल म्हणून तो या चौघांच्या वर असूं शकेल, खालीं मात्र खचित नाहीं. हें वाक्य धाकट्या बंधूंनीं स्वतः वहींत वाढवून घेतलें व खालीं सही केली.

मुलानें विचारलें, “आजोबा, त्या जत्रेंतल्या मुलाचं नांव काय ?” आम्हांस तें आठवत होतें, आम्हीं सांगितलें. त्यानें तें यादीच्या खालीं, रेघ मारून, वेगळें लिहिलें. कां लिहिलें हें आम्हीं विचारलें नाहीं.

अण्णांनीं सारें शांतपणें ऐकून घेतलें, चष्मा पुसला, आणि उठतां उठतां म्हणाले, “अरे, तूं पंच झालास म्हणून तुला गॉचला पहिला ठेवावा लागला. मी प्रेक्षक आहें. माझा हॅकनश्मिटच.” त्यांचें हें मत त्यांच्या इच्छेवरून येथें नोंदविलें आहे.